‘सगळं चालू करून टाका’: एका सेतू केंद्राचं कुकी-प्रकरण

दारव्हा तालुक्यातलं गाव आहे. नाव लिहीत नाही. गाव लहान आहे आणि या प्रकरणातली माणसं रोज एकाच पारावर बसतात. ग्रामपंचायतीला लागून एक खोली, तिच्यात एक डेस्कटॉप, एक प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र आणि बॅटरी मेलेला इन्व्हर्टर. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, लोक त्याला ‘सेतू’च म्हणतात. मी तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि आजूबाजूच्या अशा सात-आठ केंद्रांची यंत्रं माझ्या हाताखालून जातात. हे प्रकरण लिहून काढायचं कारण एवढंच, की यातली मधली, सगळ्यात महागात पडलेली चूक माझी होती.

दिवाळीच्या आधीचे दिवस. सोयाबीन निघून घरात पडलेलं, कापसाचा पहिला वेचा सुरू, आणि एका योजनेच्या अर्जाची मुदत चार दिवसांवर आलेली. योजना कोणती, संकेतस्थळ कोणतं, ते मुद्दाम सांगत नाही. अर्जाला सातबारा, आठ-अ, आधार, बँकेचं पासबुक आणि मोबाइलवर येणारा ओटीपी लागायचा. ओटीपी ऐकायला सोपा वाटतो. पण आमच्याकडे कितीतरी म्हाताऱ्यांच्या आधारला जोडलेला नंबर पोराचा असतो, आणि पोरगा चाकणला कंपनीत शिफ्टवर. म्हणजे आधी त्याला फोन लावायचा, त्यानं मशीनवरचा हात काढून तो उचलायचा, मेसेज शोधून आकडे सांगायचे, आणि तोवर इकडे वेळ संपायची.

भाच्याची करामत

केंद्रचालकाचा भाचा अमरावतीला शिकतो. सुट्टीत मामाकडे आला होता. त्यानं कुठलासा व्हिडिओ पाहिला की संकेतस्थळं आपल्यावर पाळत ठेवतात आणि त्यावर उपाय म्हणजे कुकीज, म्हणजे साइट आपल्या यंत्रावर ठेवते त्या बारीक नोंदी, बंद करणं. संध्याकाळी केंद्र रिकामं झाल्यावर त्यानं क्रोम या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘कोणत्याही साइटला या यंत्रावर काहीही साठवू देऊ नका’ या अर्थाचा पर्याय निवडला. त्या पर्यायापुढे क्रोम स्वतःच लिहितं की हे करा असं आम्ही सुचवत नाही. पोट्टं हुशार, पण घाईचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला अर्ज. नंबर टाकला, ओटीपी आला, बरोबर टाकला, बटण दाबलं आणि पान परत पहिल्याच जागी. पुन्हा ओटीपी, पुन्हा तेच. खाली लाल अक्षरात इंग्रजीत एक ओळ यायची की तुमच्या ब्राउझरमध्ये कुकीज सुरू करा. ती कोणी वाचली नाही. आमच्याकडे साइट चालली नाही की निदान ठरलेलं असतं: सर्व्हर डाऊन. त्यामुळे बाहेरच्या ओट्यावर माणसं दोन तास सर्व्हर ‘वर येण्याची’ वाट पाहत बसली. चाकणचा एक पोरगा सहाव्या ओटीपीला वैतागून म्हणाला, “बाबा, आता फोन नका करू, सुपरवायझर उभा हाय समोर.”

अकराच्या सुमारास चालकाचा मला फोन आला. “भाऊ, साइट चालूनच नाही रायली. गर्दी बम झाली.”

मी दुकानात दुसऱ्या कामात होतो. लाल ओळ वाचून घेतली आणि न बघता सांगितलं, “कुकीज बंद असतील. सेटिंगमध्ये जा, सगळं चालू करून टाका. आणि हो, क्रोम उघडल्यावर जुनी पानं आपोआप परत यायचा एक पर्याय असतो, तोही लावून ठेवा. लाइन गेली तरी काम जिथल्या तिथं सापडेल.” पाच मिनिटांत साइट चालू झाली आणि मी स्वतःवर खूश झालो.

काटापट्टी

पुढचं सांगण्याआधी ती लाल ओळ का येते ते सांगायला हवं. मी हे नंतर त्याच केंद्रात ओट्यावर बसलेल्या एका काकाजींना समजावत होतो, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं बोलले.

ब्राउझर आणि संकेतस्थळाचा सर्व्हर ज्या पद्धतीनं बोलतात, तिला आठवण नाही. तुम्ही पान मागितलं, सर्व्हरनं दिलं, व्यवहार संपला. पुढच्या क्षणी तुम्ही दुसरं पान मागितलं तर सर्व्हरच्या लेखी तुम्ही नवेच. ओटीपी बरोबर टाकणारा आणि नंतर सातबाऱ्याचं पान मागणारा माणूस एकच आहे, हे त्याला कळायला काही खूण लागते. म्हणून ओटीपी जुळला की सर्व्हर ब्राउझरकडे एक लांबलचक क्रमांक पाठवतो आणि सांगतो की हा जवळ ठेव, पुढच्या प्रत्येक खेपेला दाखव. हाच क्रमांक म्हणजे कुकी. भाच्यानं ब्राउझरला जवळ काही ठेवायलाच मनाई केली होती. त्यामुळे प्रत्येक वेळी क्रमांक यायचा, फेकला जायचा, आणि सर्व्हर पुन्हा विचारायचा, तुम्ही कोण?

काकाजी म्हणाले, “म्हंजे काटापट्टीच म्हना ना.”

अगदी तीच. जिनिंगवर कापूस नेला की आधी भरलेली गाडी काट्यावर चढते, मग रिकामी. दोन्ही वजनं एकाच गाडीची आहेत हे काटेवाल्याच्या ध्यानात राहत नाही. शंभर गाड्या असतात. तो पट्टी देतो. पट्टी हरवली तर भरल्या गाडीचं वजन पुन्हा करायला या, आणि कापूस तर रिता झालेला. “अन् दुसऱ्याची पट्टी खिशात आली त?” काकाजींनी विचारलं. तोवर केंद्रात नेमकं तेच होऊन गेलं होतं.

ही युक्ती १९९४ सालची. नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या प्रोग्रामरनं ती ब्राउझरमध्ये आणली. इंटरनेटवरची दुकानं तेव्हा नुकती उघडायला लागली होती आणि गिऱ्हाइकानं टोपलीत काय टाकलं हे पुढच्या पानावर आठवेना. नाव त्यानं युनिक्स या जुन्या संगणक-प्रणालीच्या जगातल्या ‘मॅजिक कुकी’ या जुन्या शब्दावरून घेतलं. यात चोरटं असं काही नाही. लॉगिन करावं लागणारी जवळपास प्रत्येक साइट अशी एक पट्टी मागतेच, आणि ती मागणं म्हणजे पाळत ठेवणं नव्हे. भाच्याच्या व्हिडिओत एवढं वाक्य असतं तर बाराजणांचा दिवस वाचला असता.

लाइन गेली, लाइन आली

माझ्या सल्ल्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी एक म्हातारे शेतकरी बसले होते. लॉगिन झालं, जमिनीचा तपशील भरला, पासबुकाच्या पानावर आले आणि लाइन गेली. इन्व्हर्टर नावालाच. म्हातारे समोरच्या हॉटेलात चहा प्यायला गेले. दहा मिनिटांत लाइन आली. संगणक सुरू झाला, क्रोम उघडलं, आणि मी सुचवलेल्या पर्यायानं आपलं काम चोख केलं: अर्जाचं पान जिथल्या तिथं हजर. खुर्चीवर आता रांगेतला पुढचा तरुण बसला होता. चालकाला वाटलं, त्याचंच पान आपण उघडलंय. वरच्या कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरात म्हाताऱ्यांचं नाव होतं, पण सकाळपासून सतरा अर्ज भरलेल्या माणसाचे डोळे तिथं जात नाहीत. त्यानं तरुणाच्या पासबुकाचा फोटो टाकला, खाते क्रमांक भरला आणि ‘जतन करा’ दाबलं.

मेसेज चाकणला गेला. पोरानं बापाला फोन केला, “बाबा, तुमचं खातं कोनं बदलवलं?” बाप चहाचा कप तसाच ठेवून आला. त्यानंतर जे झालं ते लिहिण्यात अर्थ नाही. पोलिसांचं नाव निघालं, तरुणाच्या बापाशी बांधाचं जुनं भांडण होतं ते निघालं, चालकावर ‘पैसे खाल्ले’ इथपर्यंत गेलं. चालक मात्र त्या दिवशी दुपारी जेवलाही नव्हता.

संध्याकाळी मी मोटरसायकल काढून गेलो. क्रोमचा इतिहास वेळेनुसार लावला, तेव्हा चित्र स्पष्ट झालं. लॉगिनची पट्टी बहुतेक ठिकाणी तात्पुरती असते. ब्राउझर बंद झाला की तिनं मरायचं, असा तिचा करार. पण ‘जिथं सोडलं तिथून सुरू करा’ हा पर्याय लावला की क्रोम जुन्या पानांबरोबर ही तात्पुरती पट्टीसुद्धा परत जिवंत करतं. तिकडे सर्व्हर काही मिनिटं हालचाल नसेल तर आपणहून लॉगिन तोडतो, पण लाइन त्याआधीच आली. थोडक्यात, म्हाताऱ्यांची काटापट्टी तरुणाच्या गाडीला लागली, आणि ती लावणारा पर्याय फोनवरून मी सुचवला होता. सगळ्यांसमोर हे सांगितलं. त्यानं चालकावरचा संशय गेला, माझ्यावरचा विश्वास मात्र थोडा कमी झाला, आणि ते रास्त होतं.

खातं दुरुस्त करायला दोघांना तालुक्याच्या कार्यालयात एकत्र जावं लागलं. बांधाचं भांडण असलेली दोन घरं एका मोटरसायकलवर. दोन आठवडे लागले.

रांगेनं ओळखलं

हे इथंच संपलं असतं, तर प्रकरण म्हणून लिहिलं नसतं. दुसरी गोष्ट तिसऱ्या दिवशी घडली आणि तिची कुठंही तक्रार झाली नाही.

‘सगळं चालू’ यात तिऱ्हाइताच्या कुकीजही चालू झाल्या होत्या. तुम्ही बातम्यांचं पान उघडता तेव्हा त्या पानात बातमीवाल्याशिवाय जाहिरात कंपनीचाही एक तुकडा असतो. तो तुकडा स्वतःची वेगळी पट्टी ब्राउझरमध्ये ठेवतो. त्याच कंपनीचा तुकडा दुसऱ्या, तिसऱ्या, शंभराव्या साइटवर असतो आणि प्रत्येक ठिकाणी ती पट्टी वाचली जाते. काटापट्टीच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक जिनिंगच्या फाटकावर एकाच दलालाचा माणूस उभा आहे; त्याला तुमचा कापूस घ्यायचा नाही, फक्त गाडी कुठं कुठं थांबली ते वहीत लिहायचंय. १९९७ साली कुकीजचं पहिलं मानक निघालं, तेव्हाच त्यात म्हटलं होतं की अशा तिऱ्हाइताच्या कुकीज ब्राउझरनं आपणहून चालू ठेवू नयेत. त्या काळच्या दोन्ही मोठ्या ब्राउझरांनी ते मानलं नाही, आणि जाहिरातीचा सगळा धंदा त्या दुर्लक्षावर उभा राहिला. अॅपलच्या सफारीनं २०२० मध्ये या कुकीज पूर्ण अडवल्या, फायरफॉक्सनं २०२२ पासून त्या साइटागणिक वेगळ्या डब्यात कोंडल्या. क्रोमनं बंद करण्याचं २०२० मध्ये जाहीर केलं, तारखा पुढे ढकलल्या आणि २०२४ मध्ये बेत सोडला. आमच्या सगळ्या केंद्रांत क्रोमच आहे.

आता सेतूवरच्या त्या एकुलत्या क्रोमचा विचार करा. त्यात अख्खं गाव बसतं. पोलिस भरतीवाला पोरगा, ट्रॅक्टरचं कर्ज पाहणारा, कानाचं यंत्र शोधणारी आजी, लग्नाच्या साड्या बघणाऱ्या पोरी. जाहिरात कंपनीच्या वहीत हे सगळं मिळून एकच माणूस. बिचाऱ्यांचा हिशेब पार बिघडत असणार, असं मला आधी गमतीनं वाटायचं. इतक्या माणसांची खिचडी झाली तर कोणाचंच काही उघडं पडत नाही, असा माझा समज होता.

आदल्या संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर एक नवराबायको आले होते. लग्नाला सहा-सात वर्षं झालेली. नागपूरच्या एका दवाखान्याचा पत्ता, तपासणीचा खर्च, जायच्या गाड्या असं त्यांनी विचारलं. चालकानं दोन-तीन साइट उघडून सगळं काढून दिलं, कागदाची घडी करून हातात ठेवली. माणूस चांगला आहे; कोणाला बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रांग लागली, योजनेचं पान उघडेपर्यंत त्यानं बाजारभाव बघायला एक साइट लावली आणि पानभर ‘मूल होत नाही?’ची जाहिरात. मग दुसऱ्या पानावर तीच. पडदा रांगेच्या बाजूला वळवलेला, कारण लोकांना आपला अर्ज दिसायला हवा असतो. आदल्या संध्याकाळी त्या खोलीतून कोण बाहेर पडलं, हे समोरच्या हॉटेलात बसलेल्यांनी पाहिलंच होतं.

जाहिरात कंपनीला ते जोडपं कोण, हे माहीत नव्हतं आणि कधीच कळणार नाही. रांगेतल्या बाईला एका नजरेत कळलं.

इथं माझी समजूत मुळातून हलली. ऑनलाइन खाजगीपणावर जे काही लिहिलं-बोललं जातं, त्यात एक माणूस आणि त्याचा एक फोन गृहीत असतो. पाळत ठेवणारा दूर कुठंतरी, शहरात नाहीतर परदेशात. एका यंत्रावर गाव असलं की दूरच्याला काही सापडत नाही आणि जवळच्याला सगळं सापडतं. ‘सर्व स्वीकारा’चं बटण दाबायला तर ज्याची माहिती आहे तो खुर्चीत नसतोच, चालक दिवसातून पन्नास वेळा दुसऱ्यांच्या वतीनं ते दाबतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मोकळी, नेमकी, समजून-उमजून आणि विनाअट हवी, आणि ती मागणारी सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांतही, म्हणजे मराठीतही, वाचता यायला हवी असं आहे. चांगलंच आहे. कुकी हा शब्द त्या कायद्यात नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही. पण खुर्चीत बसलेल्याची बोटं आणि रांगेत उभ्याची संमती, यांची सांगड कशी घालायची ते कायद्यातून मला उमगलं नाही.

काय बदललं

‘सगळं बंद’ आणि ‘सगळं चालू’ या दोन टोकांच्या मध्ये बरीच जागा आहे. ती शोधायला मला दीड तास लागला. फोनवरच्या दोन मिनिटांत ते होणार नव्हतं. संकेतस्थळाला त्याची स्वतःची पट्टी ठेवू द्यायची, तिऱ्हाइताच्या अडवायच्या, आणि सगळ्या खिडक्या बंद होताच साठलेलं आपोआप पुसायचं. क्रोममध्ये हा तिसरा पर्याय भाच्यानं निवडलेल्या पर्यायाच्या शेजारीच बसलेला आहे. जुनी पानं परत आणण्याचा माझा पर्याय काढून टाकला. चालकाच्या स्वतःच्या लॉगिनसाठी वेगळं प्रोफाइल केलं, कारण ते रोज पुसलं गेलं असतं तर त्यानं आठवड्यात सगळं पूर्ववत केलं असतं.

लोकांच्या कामासाठी पाहुण्याची खिडकी, म्हणजे गेस्ट मोड. यावर आमचं थोडं वाजलं. चालक म्हणाला, “इन्कॉग्निटो हाय ना भाऊ, मी तेच वापरतो.” दोन माणसांची कामं एका वेळी करायची असली की तो दोन इन्कॉग्निटो, म्हणजे बंद केल्यावर ब्राउझरमध्ये इतिहास मागे न ठेवणाऱ्या, खिडक्या उघडायचा. मी त्याला एकीत लॉगिन करायला लावलं आणि दुसरीत तीच साइट उघडायला सांगितली. दुसरीतही तोच माणूस लॉगिन झालेला. सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्यांचा पट्ट्यांचा गल्ला एकच असतो, आणि शेवटची खिडकी बंद होईपर्यंत तो रिकामा होत नाही. गेस्ट खिडक्यांचंही तसंच. चालक खुर्चीत मागे टेकला आणि म्हणाला, “म्हंजे असं दिवाळीपासूनच नाही, वर्षभरापासून होऊन रायलं असंन.” मी काही बोललो नाही.

मग नियम ठरला: एका वेळी एक माणूस, काम झालं की आधी लॉगआउट, मग खिडकी बंद. नुसती खिडकी बंद केली तर आपल्याकडची पट्टी फाटते, पण सर्व्हरच्या वहीत नोंद काही काळ उघडीच राहते. लॉगआउटनं ती तिकडूनही मिटते. पडदा भिंतीकडे वळवला. ज्याचा अर्ज त्यानंच खुर्चीच्या बाजूला येऊन बघायचं. यातला हा शेवटचा उपाय सगळ्यात जास्त कामी आला असं माझं मत आहे, आणि त्याला संगणकाचं काहीच ज्ञान लागत नाही. इन्व्हर्टरची बॅटरी चालकानं कापूस विकल्यावर घेतली.

त्रास झालाच. प्रत्येक माणसागणिक पत्ता नव्यानं टाइप करावा लागतो, दिवसाला चार-पाच अर्ज कमी होतात, आणि रांगेतले लोक ते बोलून दाखवतात. भाचा अमरावतीला परतताना मामाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवून गेला: ‘आधी लॉगआउट’. खाली त्यानं स्वतःची सही केली आहे.

ते नवराबायको पुन्हा त्या केंद्रावर आले नाहीत. रेशनच्या कामासाठीही यवतमाळला जातात, असं कळलं.

जानेवारीत चालकाचा फोन आला. एका दाखल्याची फी भरताना बँकेचं पान कोरं येत होतं. पान दुसऱ्या साइटच्या आत उघडणारं असलं, की तिऱ्हाइताच्या कुकीज अडवल्यानं असं होऊ शकतं. त्या एका साइटपुरती सूट देता येते.

“भाऊ, गर्दी हाय. सगळं चालू करून टाकू काय?”

“हात लावू नका, येतो मी,” म्हटलं आणि दुकानाचं शटर अर्धं ओढलं.